आठची लाइन

"खेमसिंग तांडा. कोकिळा, बोल. किती?"

उत्तर नाही. लॅपटॉपवर तिच्या नावापुढचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे बाईने फोन उचललेला होता आणि कानालाही धरलेला होता. मागे एक कोंबडी ओरडत होती, कुठे तरी भांडं पडलं, आणि फोनच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास चाललेला. बाकी काही नाही.

"कोकिळा, तोंडात सुपारी धरली का वो? लोकं थांबून राह्यले ना!"

लाइनीवरची सगळी गावं हसली. कामठवाड्याच्या विमलताई तर अशा हसल्या की मला त्यांचा आवाज बंद करावा लागला. मी आणखी पाच सेकंद वाट पाहिली, रजिस्टरात खेमसिंग तांड्यापुढे शून्य मांडलं आणि दुसऱ्या गावाचं नाव घेतलं. त्या आठवड्यातलं तिच्या नावावरचं ते चौथं शून्य.

मी नलू मेश्राम. मुक्काम दारव्हा, बसस्टँडच्या मागची गल्ली. 'शिवारसाथ' नावाच्या संस्थेत मी संपर्क समन्वयक. नाव ऐकून कुणाला वाटेल, बाई मोठी साहेबीण असेल. साहेबीण कसली, एक खोली, एक टेबल, एक लॅपटॉप आणि संस्थेचा एक मोबाइल. बारा गावांशी रोज सकाळी एकदम बोलायचं, एवढंच माझं काम. पण त्या सालात ते 'एवढंच' नव्हतं.

दोन हजार सतराचा सप्टेंबर होता. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, अळी आवरत नव्हती, आणि माणसं सकाळपासून पाठीला पंप बांधून वावरात. औषध वर मारायचं आणि ते परत तोंडावर घ्यायचं. गावोगाव लोक पडायला लागले. उलट्या, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. लोक म्हणत, ऊन लागलं. लिंबूपाणी पीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर. त्यातले काही नंतर उठलेच नाहीत.

संस्थेची गाडी एक. तिच्यात साधना सिस्टर, औषधाची पेटी आणि ड्रायव्हर नेमसिंग. गाडी एक आणि गावं बारा, म्हणून ही सकाळी आठची लाइन. आठ वाजता मशीन सगळ्यांना एकदम फोन लावायचं आणि मी एकेका गावाला एकच गोष्ट विचारायची, काल फवारणीने कुणाला काही झालं का, किती जणांना? ज्याचा आकडा मोठा, गाडी तिकडे. आकडा चुकला तर गाडी चुकणार, आणि गाडी चुकली तर माणूस जाणार. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या कामावर मला घेतलं ते काही माझ्या शिक्षणावर नाही. दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर सतरा वर्षं माझा एसटीडी बूथ होता. काचेच्या आत माणूस बोलायचा आणि बाहेर मी मीटरकडे बघत बसायची. 'मुद्द्याचं बोला, मीटर पळून राह्यलं' हे मी जन्मात इतक्यांदा म्हटलं असेल की नवऱ्याने शेवटच्या दुखण्यात काही लांबण लावली तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. तो हसला बिचारा आणि गप्प बसला. मग मोबाइल आले, बूथ बसला. पण माणसाला थोडक्यात बोलायला लावायचं ही विद्या माझ्याकडे राहिली, आणि ती संस्थेला नेमकी पाहिजे होती.

नागपूरच्या ऑफिसातले कपिल सर आमचं ट्रेनिंग घ्यायला आले होते. वयाने माझ्या भाच्याएवढा पोरगा, पण बोलणं असं मुद्देसूद की मी खूश. मीटिंगला विषय एकच ठेवा. प्रत्येकाला अर्धा मिनिट. जो बोलला नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं धरा. आणि मीटिंगनंतर कुणाशी वेगळं बोलत बसू नका, जे आहे ते सगळ्यांसमोर येऊ द्या. माझ्या मनातलंच बोलला पोरगा. मी ते चारही नियम खडूने भिंतीवर लिहून ठेवले.

आधी आमच्या दोन लाइनी होत्या. आठला बायांची, आरोग्याची. साडेआठला माणसांची, शेतीची, म्हणजे कोणतं औषध, कधी मारायचं, वारा कसा आहे. सर म्हणाले, ताई, एकाच गावचे दोघं दोन वेगवेगळ्या वेळी कशाला? एक करून टाका. सोमवारी एक केली. चोवीस माणसं, सव्वीस मिनिटं. सरांनी फोन करून शाबासकी दिली. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

आणि त्याच सोमवारपासून कोकिळाचं तोंड बंद झालं.

ही कोकिळा म्हणजे राठोडांची सून. तिशीच्या आतली, सातवी शिकलेली. बायांच्या लाइनीवर असताना तिला आवरता आवरता माझी पुरेवाट व्हायची. आकडा विचारला तर ही त्या माणसाने काल काय खाल्लं, कुणाच्या वावरात होता, घरी आल्यावर बायकोवर कसा खेकसला, सगळं सांगणार. पण तिचा आकडा कधी चुकला नाही. साधना सिस्टर म्हणायच्या, हिची नजर नर्सची आहे. आता मात्र नुसता श्वास. तांड्याच्या शेतीची बाजू किसनसिंग राठोड पाहायचे. ते बोलायचे, फवारे चालू हायेत, पाणी पुरून राह्यलं, सर्व ठीक. मी विचारायची, भाऊ, तब्येतीचं काय? ते म्हणायचे, "ते आरोग्यवाल्यायनं सांगावं, मॅडम." मग मी आरोग्यवालीला हाक मारायची. तो श्वास.

त्या गुरुवारी विमलताईंच्या कामठवाड्याचा आकडा दोन होता. दोघांच्या अंगाला खाज सुटलेली. गाडी तिकडे पाठवली. दारव्ह्याहून कामठवाडा एका टोकाला, खेमसिंग तांडा बरोबर उलट्या टोकाला.

लाइन बंद केली आणि मोबाइल पाहिला. कोकिळाचे सात मिस कॉल. आधीच्या तीन दिवसांतही होतेच, दोन, चार, पाच. बॅलन्स टाकायचा नाही आणि दुसऱ्याने लावून बोलावं ही रीत मला बूथच्या दिवसांपासून डोक्यात जाते. सगळ्यांसमोर मुकी आणि मागून मिस कॉल. म्हटलं, नाही लावत. एकदा हिला शिस्त लागली पाहिजे. मी फोन पालथा घातला आणि चहा टाकला. तो चहा मी प्यायले, पूर्ण प्यायले, हे मला अजून सहन होत नाही.

पावणेदहाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, म्या कोकिळा. दुसऱ्याचा फोन हाये. चार दिवसापासून तुमाले मिस कॉल देऊन राह्यली, तुमी लावूनच नाही राह्यल्या! सोनूचे बाबा हातचे चालले वो माये!"

सोनूचे बाबा म्हणजे तिचा नवरा, देवसिंग.

"काय झालं? सावकाश सांग."

"सोमवारी फवारून आले त उलट्या. मंगळवारी पुन्हा पंप घेतला. काल हातपाय लटलट कापत होते. आता तोंडाले फेस हाये, आवाज देते त ओ नाही देत. डोयाची बाहुली पाह्यली म्या. टाचणीच्या टोकाएवढी झाली, ताई. तुमीच शिकवलं होतं ना."

"अन दवाखान्यात काहून नाही नेलं?"

"जातच नव्हते ना! म्हणे, ऊन लागलं. समदे तेच म्हणत. माह्यं कोण आयकते? नर्सबाई घरी येऊन बोलल्या असत्या त गेले असते. म्या गाडीची वाट पाहून राह्यली."

माझ्या काळजात धस्स झालं, आणि धस्स झालं म्हणून राग आला. माझं असंच आहे.

"मंग मीटिंगमध्ये काहून नाही सांगतलं? चार दिवस तोंड शिवलं होतं का तुयं?"

 ती इतक्या हळू बोलली की मला फोन कानात रुतवावा लागला.

"जेठ होते ना लाइनीवर."

"कोण जेठ?"

"किसनसिंग. यायचे मोठे भाऊ."

"अवो पण फोनवर, कोकिळा! ते काय तुले दिसत होते का तिथं?"

"माया आवाज त जाते ना त्यायच्या कानात."

 जन्म सगळा या बंजारा तांड्यांच्या शेजारी गेला माझा. जेठासमोर धाकट्या भावाची बायको घुंगट बाजूला करत नाही आणि आपला आवाज त्यांच्या कानी पडू देत नाही, जेठही तिच्याशी बोलत नाही, तिचं नाव घेत नाही, हे मला पाठ होतं. दोघांना काही सांगायचं असलं तर तिसरं माणूस मध्ये लागतं. हे सगळं ठाऊक होतं आणि तरी फोनवर कसला घुंगट, एवढं गृहीत धरून मी दोन्ही लाइनी जोडून मोकळी झाले होते. चारही सकाळी ती बाई घरात, फोन कानाला आणि ओढणी हनुवटीपर्यंत ओढून बसलेली होती. किसनसिंगना भाऊ आजारी दिसत होता, पण त्यांच्या मते ते ऊन होतं, आणि दुखण्याखुपण्याचं सांगायचं काम 'आरोग्यवाल्यांचं'. माझ्याच लाइनीवर दोघं हजर, आणि दोघांच्या मध्ये देवसिंग पडलेला. मी त्याच्यापुढे शून्य लिहीत होते. वर तिला सगळ्यांसमोर सुपारी धरली का म्हणाले होते.

विचार करत बसायला वेळ नव्हता. सरकारी अँब्युलन्सला फोन लावला, ती आधीच एका पेशंटला घेऊन यवतमाळच्या वाटेला लागलेली. नेमसिंगला लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. साधना सिस्टरना लावला. बाहेर. पुन्हा नेमसिंग. सतरा वर्षं मी साऱ्या दुनियेचे फोन जोडून दिले, पंजाबात गेलेल्या ट्रकवाल्यांचे, सुरतेला गेलेल्या पोरांचे, आणि आज पस्तीस किलोमीटरवर उभी असलेली आपली गाडी मला सापडेना. मी रडायला लागले आणि रडत रडतच विमलताईंना फोन लावला.

"विमलताई, गाडी कुठं हाये?"

"शाळेपाशी. काहून वो?"

"पळा! सिस्टरला म्हणा, ज्याले खाज सुटली त्याले सुटू द्या, गाडी फिरवा, खेमसिंग तांडा. पळा वो माय, चपला घालू नका!"

विमलताईंचं वय साठ. धापा टाकत गेल्या त्या. पाच मिनिटांत साधना सिस्टरचा फोन आला, गाडी निघालेली. तांड्यापर्यंत यायला त्यांना सव्वा तास लागणार होता. मी म्हटलं, तांड्यावर नका येऊ, पेशंटला आम्ही पुढे आणतो, चिंचेच्या फाट्यावर भेटा.

आम्ही आणतो म्हणायला काय जातं? कोकिळाने रस्त्यावरची काळी-पिवळी जीप अडवून ठेवली होती, त्याच जीपवाल्याच्या फोनवरून ती बोलत होती. पण तांड्यात एक पुरुष नव्हता, सगळे वावरात. देवसिंग अंगाने भरलेला. जीपवाला आणि ही, दोघांच्याने उचलेना. मी माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून किसनसिंगना लावला.

"भाऊ, असाल तसे घरी पळा. देवसिंगले उचलून जीपीत टाका. ऊन नाही लागलं त्याले, औषध चढलं."

 नुसता पऱ्हाटीतून पळत सुटल्याचा आवाज आला, झाडं अंगावर घासल्याचा. फोन बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

संस्थेच्या मोबाइलवर मी कोकिळा आणि साधना सिस्टरना एकत्र जोडलं आणि तो एका कानाला लावला. दुसऱ्या कानाला माझा मोबाइल, त्यावर किसनसिंग. जीप निघाली. मागच्या सीटवर देवसिंग आडवा, डोकं कोकिळाच्या मांडीवर आणि पाय किसनसिंगांच्या. सिस्टर सांगू लागल्या.

"आधी अंगावरचे कपडे काढा त्याचे. सगळे. कपड्यातून औषध आत जाऊन राह्यलं."

कोकिळा कुजबुजली, "ताई, त्यायले सांगा ना, प्यांट वढा म्हणा."

मी दुसऱ्या फोनवर ओरडले, "भाऊ, पँट ओढा!"

"वढली. तिले विचारा, पाणी कुठं हाये."

"कोकिळा, पाणी कुठं हाये?"

"शिटाखाली कॅन हाये."

"शिटाखाली हाये, भाऊ! अंगावर घाला. चोळून धुवा."

"कुशीवर वळवा," सिस्टर म्हणाल्या. "डाव्या. उलटी घशात जाईन नाही त."

"ताई, त्यायले म्हणा, कंबर धरा, म्या खांदा धरते."

"भाऊ, कंबर धरा तुमी. खांदा ते धरून राह्यली."

एका जीपमधली ती दोन माणसं. मध्ये एका हाताचं अंतर नाही, मध्ये त्यांचा स्वतःचा माणूस, आणि एकाचा शब्द दुसऱ्याला दारव्ह्यावरून जात होता. मला किंचाळावंसं वाटत होतं, अरे बोला ना रे एकमेकांशी! पण म्हटलं नाही. आता रीत मोडायला सांगणारी मी कोण? चार दिवसांपूर्वी विचारायला पाहिजे होतं, तेव्हा मी मिनिटं वाचवत होते. म्हणून मी नुसती इकडचं तिकडे करत राहिले, दोन कानांना दोन फोन लावून, त्या खोलीत उभी.

घाटात नेटवर्क गेलं. दोन्ही फोन एकदम मुके झाले. अकरा मिनिटं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि समोर खडूने लिहिलेले ते चार नियम. हाताने पुसले. मग पदराने पुसले.

फाट्यावर गाडी आणि जीप भेटल्या. सिस्टरनी रस्त्यावरच इंजेक्शन दिलं, एकावर एक दिली, आणि नेमसिंगने गाडी यवतमाळला हाणली. देवसिंग दोन दिवस जगला. शनिवारी सकाळी गेला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणला असता तर. पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

कपिल सरांचा फोन आला. पोरगा खरंच हळहळला होता, आवाज बसलेला. म्हणाला, "ताई, ही तुमची चूक नाही. आपली पद्धतच चुकली. यातून शिकायला पाहिजे आपण."

"सर," मी म्हटलं, "पद्धतीले लेकरू नाही, कोकिळाले हाये."

 मग मीच त्याला सांगितलं की उद्यापासून लाइनी पुन्हा दोन होतील, बायांची वेगळी, माणसांची वेगळी, आणि कुणाचाही मिस कॉल आला तर मी परत लावणार, दिवसाचे शंभर आले तरी. तो हो म्हणाला. आता हो म्हणायला काय लागत होतं?

रविवारी मी तांड्यावर गेले. कोकिळा भिंतीला टेकून बसलेली, भोवती बाया. मी हात धरला तर तिने धरू दिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.  निघताना किसनसिंग कडुनिंबाखाली बसलेले दिसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याच म्हटलं होतं, ऊन लागलं." आणि पायाजवळची माती बोटाने उकरत राहिले.

त्यानंतर मी तिचा नंबर मशीनमधून काढून टाकला. बायांच्या लाइनीवर खेमसिंग तांड्याची पाळी आली की मी ते नाव न घेता दुसऱ्या गावाकडे वळायची. रजिस्टरात तिथे काहीच लिहीत नव्हते. शून्य लिहायला माझा हात धजत नव्हता.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी साडेआठची, माणसांची लाइन चालू होती. फवारे अजून थांबले नव्हते. कुठून थांबणार, पीक उभं होतं. अकरा पुरुष आणि किसनसिंग धरून बारा. मध्येच टीं असा आवाज आला. कुणी तरी बाहेरून नंबर लावून लाइनीत शिरलं होतं.

"कोण आहे?"

"खेमसिंग तांडा."

बाईचा आवाज. मी ओळखला आणि लगेच लॅपटॉपकडे पाहिलं. किसनसिंगांच्या नावापुढे हिरवा दिवा लागलेला होता.

"कोकिळा, ही माणसांची लाइन हाये, बाई. बायांची आठलेच झाली. तू थांब, मी तुले आता लावते, आपण दोघीच बोलू."

"नाही, ताई. बायांच्या लाइनीवर सांगून काय होते? पंप त यायच्या पाठीवर हाये."

ती थांबली नाही.

"आमच्याकडे कालचे दोन. एक माणूस, अन एक पाणी आणून देणारी पोरगी. दोघायच्याही डोयाच्या बाहुल्या बारीक झाल्या. म्या उजेडात नेऊन पाह्यल्या. ते ऊन नाही. गाडी आज इकडं पायजे."

"येते गाडी," मी म्हटलं. "आत्ता निघते."

"अन अजून एक हाये."

ती थांबली. मला वाटलं, लाइन कटली. मग लक्षात आलं, ज्याला कधी हाकच मारली नाही त्याला काय म्हणून हाक मारायची, ते तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने ते नाव घेतलं जे लाइनीवरचे सगळे घेत होते.

"किसनभाऊ. तुमी आज पंप घेऊ नका. सदरा बी तुमच्या अंगात कालचाच हाये, म्या सकायी पाह्यला. काढून टाका तो."

 गावोगावचे अकरा जण फोन कानाला लावून गप्प. त्यांच्यात दोन-तीन तांड्यांतलेही होते, आत्ता काय घडलं ते त्यांना चांगलं समजलं होतं. माझं बोट बटणावर होतं, कुणी वेडंवाकडं बोलला असता तर मी त्याचा आवाज तिथल्या तिथे बंद केला असता. कुणी बोललं नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही, मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग किसनसिंगांच्या बाजूने पट्टे सोडल्याचा आवाज आला, आणि काही तरी जड जमिनीवर ठेवल्याचा. आतलं पाणी हिंदकळलेलं मला इथे दारव्ह्यात ऐकू आलं. पंप त्यांच्या पाठीवरच होता.

"ठेवला, बाई," ते म्हणाले. "खाली ठेवला."

 तोंडाला पदर लावून मी तशीच बसून राहिले.

"ताई," कोकिळा म्हणाली, "आता दुसऱ्या गावाले बोलू द्या."